गाडीत बसतं कोण?

याकूबभाईंकडे गाडी नेली की ते आधी गाडीकडे बघतच नसत. हातातलं काम चालू ठेवायचे आणि खाली मान घालूनच विचारायचे, "गाडीत बसतं कोण?"

पहिल्यांदा हा प्रश्न ऐकला तेव्हा माझं डोकं सटकलं होतं. ऊन मी म्हणत होतं, स्टेअरिंगशी कुस्ती करून दोन्ही खांदे भरून आले होते, आणि हा माणूस विचारतोय, बसतं कोण. मी म्हणालो, "मी बसतो. माझी गाडी आहे."

"ते दिसून राह्यलं," ते म्हणाले. "अजून कोण?"

मी जनावरांचा डॉक्टर. कुंभार पिंपळगावच्या दवाखान्यात बदली होऊन आलो, तेव्हा माझ्याकडे मोटारसायकल होती. इथल्या काळ्या रानात पावसाळ्यात मोटारसायकल नेणं म्हणजे तिला खांद्यावर घेऊन परत येणं, हे पहिल्याच वर्षी कळलं. गाय अडलेली असायची वस्तीवर आणि मी अडलेला असायचो अलीकडच्या चिखलात. म्हणून एक जुनी जीप घेतली, चारही चाकांना ओढ असणारी. घेतली ती घेतली, वर हौस म्हणून शहरात नेऊन चांगली वीतभर उंचही करून आणली. या जुन्या जीपांचा सगळा भार चार कमानींवर असतो. कमान म्हणजे एकावर एक बसवलेल्या, धनुष्यासारख्या वाकलेल्या पोलादी पट्ट्या. त्या पट्ट्यांना म्हणायचं पाटे. शहरातल्या कारागिराने जादा पाटे घालून गाडी उंच केली, ती ऐटीत दिसायला लागली, आणि त्या दिवसापासून माझ्या ताब्यात राहिली नाही. खड्डा आला की स्टेअरिंग हातातून हिसकावल्यासारखं व्हायचं. जरा वेग घेतला की पुढची चाकं हिवताप भरल्यासारखी थडथडायची.

याकूबभाई शेवटी उठले, गाडीखाली आडवे झाले, आणि बऱ्याच वेळाने तिथूनच बोलले. "डॉक्टरसाहेब, गाडी तुमचं ऐकत न्हाई. खड्ड्याचं ऐकून राह्यली."

मग बाहेर येऊन त्यांनी दोन हात करून दाखवलं. स्टेअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा आधी आडवा होता. गाडी उंच झाली, तो तिरपा झाला. आता चाक वर उचललं गेलं की दांडा चाकाला ढकलतो, चाक वळतं. "म्हंजे वळवणारा तुम्ही न्हाई, खड्डा. उद्या सगळ्यांना घेऊन या."

"कोणाला?"

"जे बसतात त्यांना."

ही त्यांची कामाची रीत होती आणि तिच्यापुढे कुणाचंही काही चालत नसे. गाडी रोज ज्या वजनाने चालते, त्या वजनासकट ती दुकानापुढे उभी करायची. वजन पडलं की कमान दबते, कमान दबली की चाकांची बैठक बदलते. म्हणून गाडी लावायची, म्हणजे चाकं सरळ रेषेत जुळवायची, ती भरलेलीच, असं त्यांचं म्हणणं. आजूबाजूला कॉम्प्युटरवर चाकं लावून देणारी दुकानं झाली होती. त्यांचा विषय निघाला की याकूबभाई म्हणत, "कॉम्प्युटर रिकामी गाडी लावतो. रिकामी गाडी चालवतं कोण?"

दुसऱ्या दिवशी मी आमच्या दवाखान्याचा परिचर गणपत, औषधांची पेटी, वासरं ओढायचे दोर आणि कृत्रिम रेतनाच्या कांड्या गार ठेवायचा नायट्रोजनचा जड कॅन असा सगळा संसार घेऊन हजर झालो. आम्हाला तास-दीड तास गाडीत बसवून ठेवलं. गणपतच्या तोंडात तंबाखू. तो थुंकायला बाहेर वाकला की खालून आवाज यायचा, "वाकू नका भाऊ, गाडी कलते." शेवटी गणपतने ती गिळली असावी, कारण नंतर तो बराच वेळ गप्प होता. तोवर याकूबभाईंनी मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणली, खाचा पाडलेल्या एका बांबूच्या काडीने अंतरं मोजली, जादा पाटे काढून टाकले आणि कमान अन् आसाच्या मध्ये एक पातळ लोखंडी पाचर बसवली. पाचरीने चाकांचा कल असा झाला की वळण संपलं की स्टेअरिंग आपणहून सरळ होई. गाडी ठेंगणी झाली, पण माझी झाली.

तेव्हापासून मी त्यांच्याकडे कामाशिवायही जाऊन बसायला लागलो. उंच, हाडकुळा माणूस. चष्म्याची एक काडी सुतळीची. पाट्यावर हातोडी हलकेच टेकवून आवाज ऐकायचे. चीर गेलेला पाटा बद्द वाजतो. बशीतून चहा प्यायचे. चहा पितानाही रस्त्यावरून जीप गेली की वाकून तिच्या मागच्या कमानीकडे बघायचे आणि सांगायचे, "चौदा." पुढच्या जीपला, "अठरा." म्हणजे आत बसलेली माणसं. मी दोनदा मोटारसायकलवाल्याला पाठीमागे पिटाळून मोजून घेतली. दोन्ही वेळा मीच खोटा पडलो.

खोटं बोलणाऱ्याचं मात्र ते काम करत नसत. एकदा एक पिकअपवाला आला. भाड्याने काही नेत नाही, घरचीच चार पोती असतात, असं शपथेवर सांगत होता. याकूबभाईंनी कमान सोडली, पाटे सुटे केले आणि उन्हात मांडले. भार पडला की पाटे एकमेकांवर घासतात, आणि घासलेली जागा चकचकीत होते. त्या चकाकीवर बोट ठेवून ते म्हणाले, "हे चार पोत्यांचं न्हाई. माणूस बोलतो खोटं, पाटा बोलत न्हाई." आणि पाटे जसेच्या तसे परत बांधून दिले. तो माणूस शिव्या देत गेला. याकूबभाई त्याच्या पाठीमागे ज्या नजरेने बघत राहिले, ती नजर माझ्या लक्षात राहिली. तिच्यात राग नव्हता, नुसतं हे होतं की तुझं आम्हाला कळलं.

दुसरी एक गंमत तीर्थपुरीकडच्या एका कुटुंबाची. त्यांच्यात एक मामा होते, शंभर किलोच्या वरचे. मागे डावीकडे त्यांची बसायची जागा ठरलेली. त्यांना तिथे बसवून याकूबभाईंनी गाडी लावून दिली. चारेक महिन्यांनी कुटुंब तणतणत आलं, की गाडी उजवीकडे ओढते, काम कच्चं झालंय. याकूबभाईंनी गाडीत डोकावून पाहिलं. "मामा कुठंयत?"

"मामा पुण्याला गेले लेकाकडं. तिकडंच राहणारेत."

"मंग बराबर ए," याकूबभाई शांतपणे म्हणाले. "गाडी मामाला शोधून राह्यली."

आम्ही हसलो. सगळ्यात मोठ्याने हसल्या सुगराभाभी.

भाभी म्हणजे याकूबभाईंच्या बायको. रोज दुपारी एकला डबा घेऊन वस्तीवरून यायच्या, ठसठशीत बांध्याच्या, आवाजाला खणखणीत. गिऱ्हाइकाने एखादं माणूस आणलं नसलं की त्याच्या जागी याकूबभाई भाभींना बसवत. "ही साठ किलो. बराबर साठ. कमी न्हाई, ज्यादा न्हाई." मग भाभी परक्याच्या जीपमध्ये बसून लसूण सोलत राहायच्या आणि आतून सुनवायच्या, "मेरेकू क्या वजनमाप समजे क्या जी? निकाह करके लाए थे, तराजू लेने नै गए थे." याकूबभाई गाडीखालून उत्तर देत नसत. पण सुतळी ताणलेला हात मध्येच थांबायचा, त्यावरून ते हसताहेत हे कळायचं. गावातल्या निम्म्या जीपा भाभींच्या वजनावर लागलेल्या होत्या, असं म्हटलं तरी चालेल.

भाभींचं पाठीचं दुखणं सुरू झालं तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही, भाभींनी तर नाहीच. पुढे जालन्याला नेलं, तपासण्या झाल्या, आणि कळलं की आजार दुसरीकडचा होता आणि मणक्यात उतरला होता. दर पंधरा दिवसांनी जालन्याला यायचं, असं सांगितलं. भाड्याची कार केली ती वस्तीच्या अलीकडे चिखलात रुतली. तेव्हा भाभींना बाजेवर घालून चौघांनी डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. मला दुसऱ्या दिवशी समजलं. मी याकूबभाईंना म्हणालो, "माझी गाडी कशाला आहे?"

ते गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ती कडक ए. तुमच्या कॅनवर लावलेली."

पण दुसरा इलाज नव्हता. पंधरा दिवसांनी मी गाडी थेट त्यांच्या दारात नेली. भाभींना मागच्या बाजूला गादीवर निजवलं, याकूबभाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि आम्ही घनसावंगीवरून जालन्याला निघालो. मी जन्मात कधी चालवली नसेल इतकी हळू गाडी चालवली. पण रस्ता तो रस्ता. खड्डा आला की पाटे खाडकन वाजायचे आणि भाभी काहीच बोलायच्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. ज्या बाईचा आवाज रस्त्याच्या पलीकडे ऐकू यायचा, ती ओठ दाबून पडली होती. आरशात मला याकूबभाईंचा चेहरा दिसत होता. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि ते कमानी ऐकत होते.

परत आल्यावर भाभींना घरात नेलं. याकूबभाई मला म्हणाले, "गाडी ठेवून जा."

आयुष्यभर या माणसाने कमानी कडक केल्या होत्या. मऊ गाडी म्हणजे लबाड गाडी, ती वळणावर दगा देते, असं ते दहा वेळा बोलले असतील. आता ते माझी जीप मऊ करायला बसले. मागचे पाटे कमी केले. राहिलेल्यांची टोकं घासून पातळ केली. पाट्यापाट्यांत घासून गुळगुळीत केलेल्या रबराच्या पट्ट्या घातल्या, की लोखंडाला लोखंड लागू नये. गाडी मागून खाली बसली, तशी स्टेअरिंगची बैठक मोडली. मग पुन्हा सुतळी, पुन्हा पाचर. ते लागतंय तोवर पुढची बाजू कडक वाटायला लागली. ती मऊ केली, तर चाकं थडथडायला लागली. एक धरलं की दुसरं सुटत होतं. गिऱ्हाइकांच्या गाड्या बाहेर उन्हात उभ्या असायच्या आणि हे माझ्या गाडीखाली.

आता रिवाजाप्रमाणे माणूस गाडीत हवं. पण लावून होईपर्यंत भाभींना तिथे बसवणं शक्य नव्हतं, पडून राहणंसुद्धा त्यांना सोसत नव्हतं. याकूबभाईंनी नदीची वाळू आणली, चाळली आणि एका गोणीत भरली. जालन्याच्या दवाखान्यातल्या कागदावर भाभींचं वजन लिहिलेलं होतं, सेहेचाळीस. काट्यावर गोणी सेहेचाळीस भरली, तिचं तोंड शिवलं, आणि गाडीत भाभींच्या जागी गादीवर निजवली. निजवली हाच शब्द, कारण ठेवली असं त्यांच्या हातांकडे बघून म्हणवत नव्हतं.

पुढच्या खेपेला कागदावर त्रेचाळीस आलं. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो, तर याकूबभाई गोणीची शिवण उसवून वाटीने वाळू काढत होते. तीन किलो काढली, पुन्हा शिवली, पुन्हा गाडी लावायला घेतली. काढलेली वाळू त्यांनी टाकली नाही. तेलाच्या रिकाम्या डब्यात भरून फडताळाखाली ठेवली. त्या पुढच्या खेपेला चाळीस. मग अडतीस.

दोन-तीन किलोंनी जीपच्या कमानीला काय फरक पडणार? हे मला माहीत होतं आणि त्यांना तर माझ्यापेक्षा दसपट माहीत होतं. मला एकदा त्यांचा रागही आला. म्हणालो, "याकूबभाई, वाळू काढून काय होणार आहे? घरी जाऊन त्यांच्याजवळ बसा."

वाटी हातात धरून ते माझ्याकडे बघत राहिले. "बसतो की. बसून काय करू, ते सांगा. तिथं माझ्या हाताला काम न्हाई."

माझ्याही धंद्यात असे दिवस येतात. जनावर वाचणार नाही हे मला दिसत असतं, मालक तोंडाकडे बघत असतो, आणि मी उगाच सलाइनची नळी नीट करत राहतो. मी त्यांना शहाणपण शिकवायला नको होतं, याची मला आजही लाज वाटते.

प्रत्येक खेपेनंतर ते पाटे उघडून त्यांच्यावरच्या खुणा बघायचे, कुठे जास्त घासलं, कुठे धक्का बसला. भाभी काही सांगत नव्हत्या, म्हणून पाट्यांना विचारत होते. गाडी खरोखर मऊ झाली होती. गणपत तिच्यात बसून झोपायला लागला. पण भाभींचे ओठ तसेच दाबलेले असायचे.

शेवटच्या खेपेला मात्र वेगळं झालं. जालन्याहून निघालो, खड्ड्यांचा पट्टा आला, गेला, आणि मागून भाभींचा आवाज आला, बारीक पण स्वच्छ. "मिस्त्री, आज गाडी बराबर लगी देखो. कुछ मालूमच नै हुआ."

आरशात याकूबभाईंचा चेहरा दिसला. तसा उजळलेला मी तो आधी कधी पाहिला नव्हता. मला इतकं बरं वाटलं, की मी एक-दोन खड्डे चुकवलेही नाहीत.

वस्तीवर आलो. दोघांनी मिळून भाभींना उतरवताना त्यांचा पाय जीपच्या पायरीच्या पत्र्याला घासला. घोट्यापाशी चांगलं खरचटलं, रक्त आलं. भाभी याकूबभाईंशी बोलतच होत्या, शेळीला पाणी दाखवलं का म्हणून. त्यांना काही कळलं नव्हतं. पायांतली जाणीवच गेली होती. मणक्याला मार बसलेल्या बैलांत मी हे कितीतरी वेळा पाहिलंय. खाली वाकून मी खिशातल्या रुमालाने रक्त पुसलं. वर पाहिलं तर याकूबभाईही त्या घोट्याकडे बघत होते.

भाभींना आत निजवून ते मला सोडायला गाडीपर्यंत आले. बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. "डॉक्टरसाहेब, आज हिला धक्का लागला न्हाई. गाडीमुळंच ना?"

"गाडीमुळंच," मी म्हणालो. "एक नंबर लागलीय आज."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पिकअपवाल्याच्या पाठीमागे पाहिलं होतं, तसंच. मग मान हलवली. "बराबर," म्हणाले आणि आत गेले.

त्या खेपेनंतर त्यांनी पाटे उघडून पाहिले नाहीत.

भाभी त्यानंतर आठवडाभरात गेल्या. मातीला सगळं गाव होतं. ज्यांच्या जीपांमध्ये त्या कधी ना कधी लसूण सोलत बसल्या होत्या, ते सगळे आले होते.

पुढे दोनेक महिने मी गाडी तशीच वापरली. कॅन आणि पेटी घातली की मागून पार बसायची, वळणावर झोके खायची. ते म्हणायचे तशी लबाड झाली होती. तरी तिचं काम काढायचा मला धीर होत नव्हता. एक दिवस त्यांचाच निरोप आला, की सगळ्यांना घेऊन या.

मी गणपत, पेटी, दोर, कॅन घेऊन गेलो. याकूबभाई वाळले होते, पण हात पूर्वीसारखेच चालत होते. त्यांनी गाळलेले पाटे परत बांधले, रबराच्या पट्ट्या काढून टाकल्या. आम्ही आपापल्या जागी बसलो. गणपतने या वेळी तंबाखू आधीच थुंकून टाकली होती. सुतळी काढायला म्हणून ते आत गेले आणि येताना ती गोणी उचलून घेऊन आले. मला काही न विचारता त्यांनी ती गाडीत मागे ठेवली. मग फडताळाखालचा डबा आणला, शिवण उसवली, आणि काढलेली सगळी वाळू वाटीवाटीने गोणीत परत घालायला लागले.

गणपतने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला डोळ्यांनी गप्प बस म्हटलं.

डबा रिकामा झाला. याकूबभाईंनी गोणी काट्याला लावून पाहिली. "सेहेचाळीस," ते म्हणाले. "पुरत न्हाई. ही साठ होती."

रस्त्याच्या पलीकडे कुणाचं तरी बांधकाम चालू होतं. ते घमेलं घेऊन तिकडे गेले. तिथल्या गवंड्याशी काहीतरी बोलले, तो जरा बाजूला झाला, आणि यांनी ढिगातली वाळू हाताने चाळत घमेल्यात भरली.

त्यानंतर आमची भेट झाली नाही असं नाही. माझी बदली बदनापूरला झाली तरी दिवाळीच्या सुमारास एखादी चक्कर होते, चहा होतो. ती गोणी अजून माझ्या गाडीत आहे. नवीन माणसं विचारतात, मी काहीतरी सांगतो. पण याकूबभाई म्हटलं की मला दिसतात ते त्या दिवशीचे. वाळूचं घमेलं कमरेवर घेऊन रस्ता ओलांडायला पलीकडे उभे आहेत, मधून गाड्या चालल्या आहेत, आणि जीप गेली की ते सवयीने वाकून तिच्या कमानीकडे बघताहेत, आत किती माणसं आहेत ते.